कानावर हात ठेवलेला माणूस

बद्रिया दुकानात शिरली ती थेट सगळ्यात मोठ्या टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली आणि नाक पडद्याला टेकेल इतकी वाकली. पडद्यावर हिरवंगार जंगल चाललं होतं, रंगीत पक्षी उडत होते. तिचं पक्ष्यांकडे लक्ष नव्हतं. ती एका पानाच्या कडेकडे बघत होती.

"खाला, जरा मागे या," दुकानाचा मालक अबू नौरस गल्ल्यामागून म्हणाला. "तो टीव्ही आहे, तंदूर नाही. वाकून बघितलं तर रोटी मिळणार नाही."

"मला जवळूनच बघायचंय."

"काय बघता तुम्ही? मालिका? बातम्या?"

"एक माणूस."

अबू नौरस हसला. मग तिच्यासोबत आलेल्या भाचीचा, रिहाबचा चेहरा त्याला दिसला आणि त्याने हसू आवरलं. अशारच्या बाजारात त्याने बरीच वर्षं काढली होती. बसऱ्यात माणूस शोधणारी बाई म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने स्टूल पुढे केलं, लिंबाचा चहा मागवला आणि विचारलं, "खोली केवढी आहे? भिंतीपासून किती लांब बसता? आणि डोळे कसे आहेत?"

"डोळ्यांचं तुला काय करायचंय? तू टीव्ही विक."

"अहो, कपडा घेताना माप देता ना? तसंच आहे हे. लहान खोलीत एवढा मोठा घेतलात तर मान दुखेल, आणि डोळे अधू असतील तर हे सगळे बारीक बारीक ठिपके फुकट जातील. तुम्हाला दिसणारच नाहीत."

"मोठाच दे," बद्रिया म्हणाली. "सगळ्यात मोठा."

रिहाबने डोळ्यांनीच त्याला खूण केली, की देऊन टाका. आत्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

बद्रिया बंदराच्या कचेरीत टायपिस्ट होती. सारा जन्म तिने जहाजांची नावं आणि मालाचं वजन टाइप करण्यात घालवला. लग्न केलं नाही. स्थळं आली होती, चांगली आली होती, पण आई म्हणायची, "तू गेलीस आणि फालेह आला, आणि दाराला कुलूप असलं तर?" पहिल्यांदा आई हे म्हणाली तेव्हा बद्रिया चिडली होती. पुढे पुढे तिला स्वतःलाच दाराला कुलूप लावायची भीती वाटायला लागली. भाजी आणायला गेली तरी ती शेजारणीला ओट्यावर बसवून जायची. आई गेली, तरी ही सवय गेली नाही.

फालेह तिचा भाऊ, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. पलीकडच्या देशाशी लढाई सुरू झाली तेव्हा त्याला लॉरीत बसवून नेलं, आणि दोन हिवाळ्यांनी सरकारी माणूस दारात येऊन सांगून गेला की तो बेपत्ता आहे. मेला म्हणाला नाही, पकडला म्हणाला नाही. बेपत्ता. वडिलांनी तो शब्द ऐकला आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही. आईने मात्र छतावरची अँटेना नदीकडे फिरवली.

नदी ओलांडून थोडं पुढे गेलं की शत्रूचा मुलूख होता आणि त्यांचं टीव्हीचं केंद्र इकडे पकडता यायचं. सूर्य कलला की ते लोक अरबीत कार्यक्रम लावायचे आणि धरून नेलेले सैनिक दाखवायचे. बघायला सक्त बंदी होती, म्हणून घरोघरी आवाज बंद करून लोक बघायचे. गल्लीत चिडीचूप, आणि प्रत्येक खिडकीच्या पडद्याआड तो निळसर उजेड. बद्रियाच्या घरी पेटीएवढा काळापांढरा टीव्ही होता. चित्रात कायम मुंग्या.

एका संध्याकाळी त्या मुंग्यांमधून माणसांची एक रांग दिसली. जमिनीवर उकिडवी बसलेली, डोकी भादरलेली. कॅमेरा त्यांच्यावरून सरकत गेला, आणि शेवटाकडच्या एकाने मान वळवून हात कानाशी नेला.

आई किंचाळली नाही. तिने दोन्ही हातांनी टीव्ही धरला आणि काचेला तोंड लावलं. काचेतल्या विजेने तिचे पुढचे केस उभे राहिले. ती केसांसकट तशीच काचेचे मुके घेत राहिली, तोवर पडद्यावर कुणी मुल्ला बोलायलाही लागला होता.

"फालेह," ती म्हणत होती. "बघितलंस ना? कान धरला त्याने. विचारात पडला की कानच धरतो तो."

"बघितलं," बद्रिया म्हणाली. आणि तिने खरंच बघितलं होतं.

वडील तेव्हा नळावर हात धूत होते. धाकटा भाऊ सहा वर्षांचा, झोपलेला. बघितलं ते फक्त या दोघींनी. त्यानंतर आईच्या मनात फालेह मेला नाही. लढाई थांबली, कैद्यांच्या बस सीमेवरून येऊ लागल्या, आणि दर वेळी आई फालेहचा फोटो छातीशी धरून उन्हात उभी राहायची. दाढ्या वाढलेले, दात पडलेले लोक उतरायचे, फोटोकडे बघायचे आणि मान हलवायचे. पुढे पुढे बस येईनाशा झाल्या. आई अंथरुणाला खिळली आणि जाताना बद्रियाला म्हणाली, "तू त्याला बघितलंयस. मी एकटीने नाही. विसरू नकोस." कुणी सोनं देतं, कुणी घर देतं. आईने तिला हे दिलं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, पलीकडच्या कुणीतरी जुन्या फिल्म धुऊनपुसून इंटरनेटवर टाकल्या होत्या. रिहाब शाळेत शिकवायची. तिच्या एका सोबतिणीने तिला हे दाखवलं. रिहाबला आजीची गोष्ट पाठ होती. तिने एकेक फिल्म बघितली आणि एका दुपारी धावत आत्याकडे आली. "आत्या, रांग. उकिडवे बसलेत. शेवटाकडचा एक जण कानाला हात लावतो."

बद्रियाने फोन हातात घेतला, डोळ्यांशी नेला, लांब धरला, चष्मा काढला, परत लावला. तिला करड्या रंगाचं काहीतरी हलताना दिसलं. तेवढंच.

म्हणून मोठा टीव्ही.

तो घरात आला तेव्हा दोन हमालांना दाराची एक फळी काढावी लागली. बैठकीची अख्खी भिंत त्याने खाल्ली. बद्रियाने हमालांना चहा पाजून घालवलं, दार लावलं आणि पडद्यापुढे उशी टाकून बसली, हात लांबवला तर काचेला लागेल इतकी जवळ. "लाव," ती म्हणाली.

रिहाबने फिल्म लावली. रांग आली. माणसं खऱ्या माणसांएवढी झाली होती. कॅमेरा सरकत सरकत शेवटाकडे आला. "हा बघ, आत्या!" रिहाबने चित्र थांबवलं.

समोर माणूस नव्हताच. राखाडी चौकोन होते, कुठे काळे, कुठे पांढरे, फरशीसारखे शेजारी शेजारी बसवलेले. डोळ्यांच्या जागी दोन काळे चौकोन. तोंडाच्या जागी एक. बद्रिया आणखी पुढे सरकली, तशी ती फरशीही फुटली आणि नुसता उजेड उरला. तिने हात पुढे केला आणि काचेवर ठेवला. काच गार होती. केस उभे राहिले नाहीत.

"कुठे गेला?" ती म्हणाली.

"इथेच आहे गं. हा कान, हा हात—"

"नाही. वितळला तो. बंद कर. बंद कर ते!"

बंद केल्यावर जास्त वाईट झालं. काळ्या पडद्यात अख्खी खोली दिसायला लागली, खिडकी, सोफा, आणि त्यात उकिडवी बसलेली ती स्वतः.

पुढचे काही दिवस तिने पडद्यावर आईची अबाया टाकून ठेवली. रिहाबनेच अबू नौरसला बोलावून आणलं. त्याने अबाया बाजूला केली आणि फिल्म दोनदा बघितली. त्याचाही एक मामा त्याच लढाईत गेला होता.

"खाला," तो म्हणाला, "ही फिल्म जुनी आहे. तिच्यात दाणे मोजकेच आहेत. पडदा मोठा केला म्हणून दाणे वाढत नाहीत, नुसते फुगतात. मूठभर तांदूळ मोठ्या पातेल्यात घातले म्हणून पाहुणे जेवतील का? तुम्ही लांब जाऊन बघा. लांबून तो माणूस गोळा होईल."

त्यांनी सोफा मागे ओढला. मग आणखी मागे, अंगणाच्या उंबऱ्यापर्यंत. तिथून रिहाबला चेहरा चक्क दिसायला लागला. तिने तोंडावर हात दाबला. बद्रियाला मात्र धुकं दिसलं.

"जवळ गेलं की तो फुटतो," बद्रिया म्हणाली, "आणि लांब गेलं की मी आंधळी. चेष्टा चाललीय माझी."

"मग टीव्हीचं दुकान बंद, डोळ्यांचा दवाखाना सुरू," अबू नौरस म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ होत्या. त्यांनी दिवा मारून बघितलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. इतके दिवस काय करत होता? आणि टीव्ही घेतलात म्हणता? लोक आधी डोळे करतात, मग टीव्ही. तुमचं सगळं उलटं."

"ऑपरेशन केलं की स्पष्ट दिसेल?"

"दिसेल तर. सुया ओवाल."

कुणीही हरखलं असतं. बद्रिया मात्र घरी येऊन रोजच्या कामाला लागली. तारीख मिळाली तर तिने ती ढकलली. कधी रक्तदाब, कधी रमजान, कधी धुळीचं वादळ. रिहाब एकदा वैतागली. "आत्या, भीती कसली वाटतेय? सुईची?"

"सुईला कोण घाबरतं?"

"मग?"

बद्रिया ताटं मांडायला उठली. वाढता वाढता ती म्हणाली, "तुझी आजी भाग्यवान. तिच्या टीव्हीत मुंग्या होत्या."

शेवटी तिने ऑपरेशन केलं. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा तिला रिहाबच्या नाकावरचे वांग दिसले. "हे कधी आले?" तिने विचारलं. "जन्मापासून आहेत," रिहाब म्हणाली. घरी आल्यावर तिला दिसलं की आईची नमाजाची सतरंजी, जी ती राखाडी समजत होती, ती हिरवी आहे. कोपऱ्याकोपऱ्यात जाळी. स्वतःचे हात दिसले, नुसत्या शिरा. इतकं सगळं दिसायला लागलं की तिला दोन दिवस घरातच परकं वाटलं.

अबू नौरसने कुरकुरत मोठा टीव्ही परत नेला आणि मधल्या आकाराचा आणला. त्याने तो खिडकीसमोरून हलवून आतल्या भिंतीला लावला, म्हणजे काचेवर उजेड येणार नाही. मग त्याने बद्रियाला खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची थोडी मागे, थोडी पुढे करत राहिला. "आता? आता? माझ्या शर्टावरच्या रेघा दिसतात? बास. इथून हलायचं नाही." आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "मी थांबत नाही. हे तुमचं घरचं आहे."

दुपार होती. रिहाबने फिल्म लावली.

रांग आली. भादरलेली डोकी, सुजलेले ओठ, एकाच्या पायात बूट नाही. कॅमेरा सरकला. शेवटाकडच्या माणसाने मान वळवली, हात वर गेला आणि कानावर बसला.

"थांबव."

चेहरा होता. लांबट, हनुवटीला खळी, भुवया जुळलेल्या. कानावर तळवा होता, आणि त्या तळव्याला करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं.

रिहाब आत्याकडे बघत होती. बद्रियाच्या तोंडावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं, जशी नदीला ओहोटी लागते तसं.

"फालेहकाका आहे ना?"

"जासिब आहे तो," बद्रिया म्हणाली. "बर्फवाल्यांचा जासिब."

गल्लीच्या टोकाला बर्फाचा कारखाना होता, आणि तिथल्या मिस्त्रीचा मुलगा जासिब गाढवगाडीवरून घरोघर बर्फ टाकायचा. लाद्या कापायच्या करवतीत त्याची दोन बोटं गेली होती. डाव्या हाताची, म्हणून सैन्याने तरीही नेला. तो आणि फालेह एकाच लॉरीत चढले होते. पुढे गल्लीत बातमी आली की जासिब आघाडीवरून पळाला. कुणी आणली, कुणाला ठाऊक. त्याच्या बापाला चौकीत नेलं आणि वाकलेला परत पाठवला. लोकांनी त्यांच्या दाराकडे बघणं सोडलं. त्याची आई, उम्म जासिब, एकदा स्वतः बर्फाची लादी घेऊन बद्रियाच्या दाराशी आली होती, उन्हात, लादी हातातून वितळत चाललेली. तेव्हा बद्रियाची आई दार न उघडता आतूनच म्हणाली होती, "पळपुट्याच्या घरचा बर्फ आमच्या माठात नको."

त्याच आईने त्याच मुलाचे काचेवरून मुके घेतले होते.

त्यानंतर बद्रियाला घर खायला उठलं. दर गुरुवारी फालेहच्या नावाने ती खजूर वाटायची, तो हात थबकायला लागला. कुणाच्या नावाने वाटायचे? जो जिवंत आहे म्हणून इतकी वर्षं दाराला कुलूप लावलं नाही, तो कोण होता? दुपारी ती आडवी झाली की डोळ्यांसमोर रांग यायची. सगळे तिच्याकडे पाठ करून बसलेले असायचे. शेवटचा मान वळवायचा, आणि तो जासिब असायचा, आणि संकोचलेला असायचा, चुकून दुसऱ्याच्या ताटावर बसलेल्या पाहुण्यासारखा.

त्याहून भयंकर असं काही एके दिवशी भांडी घासताना तिच्या मनात आलं. फालेह खरंच कान धरायचा का? तिने आठवून बघितलं. शाळेत जाताना, अभ्यास करताना, बापाचा मार खाताना. प्रत्येक आठवणीत तो कान धरून होता, आणि प्रत्येक आठवणीत त्याचं डोकं भादरलेलं होतं. फालेहचे केस तर दाट आणि कुरळे होते, फोटोत होते. म्हणजे जासिब तिच्या सगळ्या आठवणींत जाऊन बसला होता. तिने बगदादला धाकट्या भावाला, रिहाबच्या वडिलांना, फोन लावला.

"फालेह कान धरायचा का रे?"

"आई म्हणायची तसं."

"आईचं सोड. तुला आठवतं का?"

"मी चार वर्षांचा होतो, ताई. मला तर तो दारातून जाताना फक्त पाठमोरा आठवतो."

विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने अबू नौरसला दुकानात गाठलं. "त्या फिल्ममध्ये ती रांग डावीकडे आणखी जाते. एकाचा नुसता खांदा दिसतो. ते चित्र जरा डावीकडे सरकवता येईल का? थोडंसंच."

अबू नौरस खाली बघत म्हणाला, "जे घेतलंच नाही ते टीव्ही कुठून दाखवेल, खाला?"

जासिबचं घर आता नदीपार तन्नूमाला होतं, एवढं तिला माहीत होतं. ती जायचं टाळत राहिली. रिहाबने एकदाच म्हटलं, "आत्या, त्यांच्या घरी अजून पळपुटाच आहे तो." त्यानंतर बद्रियाने अबाया चढवली.

दार जासिबच्या बहिणीने उघडलं. नईमा. बद्रियाच्या वर्गात होती ती, एका बाकावर बसायच्या. आता दातांची कवळी, हाताला पिठाचे डाग. तिने क्षणात ओळखलं.

"अशारवाल्यांना आज पूल दिसला?"

"आत घेशील का?"

"बर्फ तर आम्ही विकत नाही आता."

"नईमा, मी जासिबचं सांगायला आलेय."

नईमाचा हात दारावरून खाली आला.

आत खिडकीखाली खाटेवर उम्म जासिब पडली होती. एवढीशी झालेली, चादरीत घडी घालून ठेवल्यासारखी. काचबिंदूने डोळे केव्हाच गेले होते. कोपऱ्यात छोटा टीव्ही चालू होता, तिला आवाजाची सोबत म्हणून. बद्रियाने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच रिहाबकडे बघितलं. तेव्हा रिहाबनेच फोन टीव्हीला जोडला आणि फिल्म लावली.

नईमा टीव्हीला जाऊन चिकटली. "काय आहे हे? गोधडीची ठिगळं दिसतायत. मला नाही काही कळत."

"मागे ये," बद्रिया म्हणाली. "आणखी मागे. दारापाशी जा. चष्मा लांबचा घाल, वाचायचा नको. आता बघ."

नईमा दारापाशी गेली. तिने चष्मा बदलला. पडद्यावर रांग सरकली. शेवटाकडच्याने मान वळवली, हात कानावर नेला, आणि रिहाबने तिथे चित्र थांबवलं. नईमाने लांबूनच त्या हाताची बोटं मोजली.

"काय झालं?" खाटेवरून म्हातारी म्हणाली. "कोण आलंय? कुणी बोलत का नाही?"

 बद्रिया उठून खाटेजवळ गेली.

"खाला, मी बद्रिया. फालेहची बहीण. जासिब दिसतोय. शत्रूच्या कैदेत आहे, जुनी फिल्म आहे. जिवंत आहे त्यात. पळाला नव्हता."

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाली, "काय करतोय?"

"बसलाय. रांगेत, जमिनीवर. डोकं भादरलंय. हात कानावर ठेवलाय."

"कुठल्या कानावर?"

"डाव्या."

"डावाच," उम्म जासिब म्हणाली. "थंडी आहे का तिथे?"

"सगळ्यांनी खांदे आखडून घेतलेत."

"डावा कान ठणकायचा त्याचा. बर्फात काम करून धरलेलं दुखणं. मी तिळाचं तेल कोमट करून घालायचे आणि वर कापूस लावायचे. लॉरी निघाली तेव्हा बाटली दिली होती मी. काढून घेतली असेल कुणीतरी." तिने चादरीवर हात चाचपला. "तेलाशिवाय झोप लागायची नाही त्याला."

 टीव्हीवर चित्र थांबलेलं होतं.

"आणि तुझा भाऊ? तो आहे का त्याच्या बाजूला?"

"नाही, खाला. आम्ही इतकी वर्षं जासिबलाच फालेह समजत होतो. आईने त्या काळीच टीव्हीवर बघितलं होतं त्याला."

"म्हणजे तुझी आई माझ्या मुलासाठी दुवा मागत होती." म्हातारीचे ओठ हलले. ते हसू होतं की काय, बद्रियाला कळलं नाही. "तिने दार उघडलं नव्हतं त्या दिवशी. मी लादी तिथेच ओट्यावर ठेवून आले. सबंध गल्लीत पाणी झालं असेल."

"झालं होतं," बद्रिया म्हणाली.

"चहा ठेव, नईमा," म्हातारी म्हणाली. मग बद्रियाचं मनगट धरून म्हणाली, "बाकीचे सांग मला. एकेक. रांगेत आहेत ते सगळे."

बद्रियाने सांगितलं. हा पहिला, मोठ्या कानांचा, हसू नको तिथे हसतोय. हा दुसरा, बूट नाही. हा रडून झालेला दिसतो. प्रत्येकाला म्हातारीने पुटपुटत दुवा दिली आणि पुढचा विचारला. डावीकडच्या टोकाला नुसता एक खांदा होता. बद्रियाने तोही सांगितला.

उन्हाळा लागायच्या आत उम्म जासिब गेली. तन्नूमाच्या भिंतीवर काळं कापड लागलं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कैदी जासिबची आई'. शब्द बद्रियाने सांगितले होते. अशारच्या जुन्या गल्लीतून काही म्हातारे पूल ओलांडून आले, मांडवात खाली मान घालून बसले आणि कडू कॉफी पिऊन गेले. काही आलेच नाहीत.

बायकांच्या बाजूला फिल्मची गोष्ट या कानाची त्या कानाला झाली. दुसऱ्याच आठवड्यात बद्रियाच्या दारात एक अनोळखी बाई आली, अबायाखाली फोटोची चौकट. मग आणखी एक, तिच्यासोबत तिची सासू. अबुल खसीबहून आल्या, झुबैरहून आल्या. बद्रिया त्यांना आधी पाणी द्यायची, मग विचारायची, "चष्मा आहे? जवळचा की लांबचा? मोतीबिंदू काढलाय?" ज्याची दृष्टी जशी, तशी ती खुर्ची मागेपुढे करायची, खिडकीचा पडदा ओढायची. घाईने कुणी पडद्याकडे झेपावलं तर खांदा धरून मागे बसवायची. "जवळ नाही. जवळ गेलीस तर हातचा जाईल. इथून बघ."

बहुतेक जणी मान हलवून निघून जात. एका दुपारी बूट नसलेल्या माणसाला एका म्हातारीने ओळखलं. हा माझा हमूद, याचे पाय असेच फेंगडे. ती हसत रडत गेली, बद्रियाच्या हातांचे मुके घेत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी फाव गावची एक बाई आली, त्याच खुर्चीवर बसली, आणि त्याच अनवाणी माणसाकडे बोट करून म्हणाली, "हा माझा नवरा."

रिहाब त्या वेळी तिथेच होती. तिने आत्याकडे बघितलं. आत्या पुढे झाली, त्या बाईशेजारी उभी राहिली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"नक्की?" बद्रियाने विचारलं.

"मी ओळखणार नाही का?"

"पुन्हा लावू?"

"लाव," बाई म्हणाली.

रिहाबने पुन्हा लावली. त्या दिवशी तिने ती फिल्म किती वेळा लावली याचा हिशेब राहिला नाही. बाई गेल्यावर ती दबक्या आवाजात म्हणाली, "आत्या, दोघींपैकी एकीचाच असेल ना तो. सांगायला नको का?"

बद्रिया चहाचे पेले उचलत होती. नव्या डोळ्यांनी तिला पेल्याच्या काठावरचा ओठांचा डागसुद्धा दिसत होता. तो तिने अंगठ्याने पुसला.

"कुणाला सांगू?" ती म्हणाली, आणि आत गेली.